काड्या पूर्ण, नेट बंद: अभ्यासिकेतल्या वायफायचं दुखणं कसं शोधायचं

पुण्यात सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतल्या काही अभ्यासिकांचं वायफाय मी सांभाळतो. अभ्यासिका म्हणजे जुन्या इमारतीचा एखादा मजला, प्लायवूडचे खण पाडलेली टेबलं, प्रत्येक खणात एमपीएससीची तयारी करणारं एक पोर आणि त्याच्यापुढे एक मोबाइल, एक लॅपटॉप. मला फोन येतो तो ठरलेल्या वाक्याने: "दादा, काड्या पूर्ण दिसतायत, पण नेट चालत नाही." त्यावर मालकांचं म्हणणंही ठरलेलं असतं: "एक बूस्टर लावून टाकू या."

बूस्टर लावू नका. निदान आज तरी नको. काड्या पूर्ण दिसतायत म्हणजे रेंज पोचतेय. दुखणं दुसरीकडे आहे. एकच तक्रार इतक्यांदा सोडवल्यावर मी तपासण्यांचा एक क्रम ठरवून टाकलाय. आधी फुकटातल्या, मग शंभर-दोनशे रुपयांच्या, आणि ॲक्सेस पॉइंटच्या (वायफाय हवेत सोडणाऱ्या डब्याच्या) 'ॲडव्हान्स्ड' पानावरच्या सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात. आधी त्या पानावर जाऊन चार आकडे बदलतात आणि मग मूळ दुखणं कुठलं आणि आपण लावलेलं कुठलं, तेच कळेनासं होतं.

लक्षणं नीट ऐका

तक्रार सगळ्यांची एकच असली तरी खोदून विचारलं की फरक दिसतो.

- लवकर आलेल्यांचं चालतं, उशिरा येणाऱ्यांचं जोडलंच जात नाही. फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' यावर अडकतो.
- जोडलं जातं, पण 'इंटरनेट नाही' असं येतं, तेही काहींच्याच फोनवर.
- सगळ्यांचं एकदम जातं आणि मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप परत येतं.
- बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत आलं की नेट रडतं. फोनचं वायफाय बंद-चालू केलं की झकास.
- पाच गिगाहर्ट्‌झचं नाव मधूनच यादीतून गायब होतं, दुसऱ्या पट्ट्याचं, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झचं, नाव मात्र दिसत राहतं.
- गर्दी वाढली की सगळंच हळू.
- राउटर बंद-चालू केला की दिवसभर ठीक, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेच.

शेवटच्या लक्षणाला लोक इलाज समजतात. एका ठिकाणी तर काउंटरवरच्या मुलाच्या कामांच्या यादीत 'दुपारी सव्वादोनला राउटर बंद-चालू' हे लिहूनच ठेवलं होतं. ते सव्वादोनच का, हे पुढे येईलच.

हात लावण्याआधी

राउटर आणि ॲक्सेस पॉइंट यांच्या प्रत्येक सेटिंग पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बॅकअपची सोय असेल तर फाइल उतरवून घ्या. एक वही करा आणि तारीख, वेळ, काय बदललं, काय झालं हे लिहा. एका वेळी एकच बदल, त्यानंतर निदान एक पूर्ण दिवस वाट. आणि सेटिंग बदलताना लॅपटॉप केबलने जोडा. वायफायवर बसून वायफायचीच सेटिंग बदलणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं.

फुकटातल्या तपासण्या

पहिला प्रश्न: एकाचं जातंय की सगळ्यांचं? एकाचंच जात असेल तर राउटरकडे बघूही नका. त्या फोनवर व्हीपीएन चालू आहे का, आणि अँड्रॉइड असेल तर 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये (डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) जाहिराती अडवणारा कुणाचा पत्ता टाकून ठेवलाय का, ते बघा. हे दुसरं मला वारंवार सापडतं. मग ते नेटवर्क 'विसरा' करून पुन्हा जोडा.

सगळ्यांचं जात असेल तर जागेवर नजर टाका. ॲक्सेस पॉइंट लोखंडी कपाटाच्या मागे किंवा पाण्याच्या टाकीशेजारी आहे का? पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दीड फुटांच्या असतात. अशा भिंतीपलीकडच्या खोलीत सिग्नल ढकलण्यापेक्षा केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणं केव्हाही बरं.

स्विच (अनेक केबल एकत्र जोडणारी पेटी) असेल तर त्याचे दिवेही बघा. एकदा झाडलोट करताना कुणाला तरी एक वायर लोंबताना दिसली आणि त्याने नीटनेटकेपणाने तिचं टोक स्विचच्या रिकाम्या भोकात खुपसलं. वायरीचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. फेरा पूर्ण झाला, संदेश गोल गोल फिरत राहिले आणि सगळी अभ्यासिका ठप्प. सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकत असतील तर प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते हाताने धरून बघा.

आता या सगळ्यातली सगळ्यात मोलाची तपासणी, आणि तिला एक पैसा लागत नाही. लॅपटॉप वायफायला जोडा, कमांडची काळी खिडकी उघडा आणि आधी राउटरच्या पत्त्याला पिंग मारा, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तरं येतात का ते बघा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, उपकरणाच्या तळाच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. मग दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या गूगलच्या, म्हणजे बाहेरच्या, पत्त्याला पिंग मारा. दोन्ही पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. राउटरपर्यंत उत्तरं पटापट येतायत आणि बाहेरची अडखळतायत, तर दुखणं तुमच्या वायफायचं नाही. नेट पुरवणाऱ्याला फोन करा आणि पुढचं वाचायची तसदी घेऊ नका. राउटरपर्यंतच उत्तरं गळत असतील तर दुखणं घरातलं. ही एक तपासणी न केल्यामुळे लोक महिनोन्‌महिने चुकीच्या माणसाशी भांडत बसतात.

थोड्या पैशांतल्या: अडॅप्टर आणि केबल

सगळ्यांचं एकदम जातं आणि दोन मिनिटांत परत येतं, म्हणजे बहुतेकदा उपकरण स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतंय. सेटिंगच्या पानावर 'अपटाइम' असतो, तो बघा. तक्रार चार दिवसांची आणि अपटाइम चाळीस मिनिटांचा असेल तर चोर सापडला. जुना अडॅप्टर रिकाम्या वेळी नीट चालतो आणि गर्दी वाढून उपकरणाला जास्त वीज लागली की मान टाकतो. नवा घेताना व्होल्ट तोच हवा; अँपिअर तितका किंवा जास्त चालेल, कमी चालणार नाही. पिन आणि तिचा ध्रुवही जुळायला हवा. वीज जाऊन इन्व्हर्टर लागताना जो क्षणभराचा झटका बसतो, त्यातही राउटर बंद पडतात. त्यासाठी राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो.

केबलचं दुखणं लपून बसतं. ॲक्सेस पॉइंटच्या 'स्टेटस' पानावर जोडणीचा वेग १००० दिसायला हवा. पूर्वी १००० होता आणि आता १०० दिसतोय, तर आठपैकी एखादी तार तुटलीय किंवा टोकाला नीट बसलेली नाही. १०० च्या वेगाला चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. त्यामुळे नेट चालतं पण मरतुकडं चालतं, आणि केबलवर कुणाचा संशय जात नाही. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. ती वाकवली की आतून तुटते. तपासायला लांबलचक केबल बदलू नका. ॲक्सेस पॉइंट उचलून राउटरशेजारी आणा, छोट्या नव्या केबलने जोडा आणि वेग बघा.

पत्ते संपणे: माझा पहिला संशय

वर सव्वादोनची गोष्ट अर्धी राहिली होती. त्या अभ्यासिकेत ४५ खुर्च्या आणि दोन पाळ्या होत्या: सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ. सकाळची बॅच नेहमी खूश. दुपारची मात्र आल्या आल्या बोंब मारायची. मालकांचं निदान असं की दुपारी कंपनीच वेग कमी करते.

राउटर प्रत्येक उपकरणाला तात्पुरता आयपी पत्ता देतो. हे काम करणाऱ्या सोयीला डीएचसीपी म्हणतात. तिथे पत्त्यांचा साठा १९२.१६८.१.१०० ते १९९ असा होता, म्हणजे बरोबर १०० पत्ते. आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास राखून ठेवलेला. सकाळच्या ४५ जणांच्या ९० उपकरणांनी ९० पत्ते घेतले. दोन वाजता पोरं जेवायला गेली, पत्ते मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याच नावावर. दुपारच्या ४५ जणांसाठी उरले दहा. पहिले पाच जण जोडले गेले, बाकीच्यांचे फोन गोल फिरत राहिले. सव्वादोनला राउटर बंद-चालू केला की त्याची यादी पुसली जायची आणि सगळ्यांना पत्ते मिळायचे. रात्री अभ्यासिका बंद करताना राउटरही बंद व्हायचा, त्यामुळे सकाळी यादी पुन्हा कोरी. म्हणून तो 'इलाज' लागू पडायचा. दोन्ही पाळ्या बसणाऱ्या मुलांच्या लॅपटॉपवर मग 'दुसरं उपकरण हाच पत्ता वापरत आहे' असा संदेश यायचा, कारण राउटर विसरला तरी लॅपटॉप आपला पत्ता विसरलेला नसायचा.

हे तपासायला सोपं आहे. न चालणाऱ्या लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, तो त्याने स्वतःच ठरवलाय. राउटरच्या 'डीएचसीपी क्लायंट्स' यादीत किती नावं आहेत ते मोजा. साठ्याएवढी झाली असतील तर झालं.

उपाय असा: साठा १९२.१६८.१.२० ते २५० करा. २३१ पत्ते होतात आणि सुरुवातीचे ॲक्सेस पॉइंट, प्रिंटर यांच्यासाठी मोकळे राहतात. आणि पत्ता राखण्याची मुदत, म्हणजे 'लीज टाइम', दोन तासांवर आणा. काही राउटर ती मिनिटांत विचारतात, काही सेकंदांत: १२० किंवा ७२००. समोर बसलेल्या मुलाला त्रास होत नाही, कारण मुदत अर्धी संपली की त्याचा फोन ती स्वतःच वाढवून घेतो. गेलेल्याचा पत्ता जास्तीत जास्त दोन तासांत सुटतो. पाळी बदलताना जुनी ९० आणि नवी ९० मिळून १८० उपकरणं धरली तरी साठा पुरतो. याउलट मुदत पाच मिनिटांवर आणायचा अतिउत्साह नको. लॉज, होमस्टे, मंगल कार्यालय, दवाखान्याची प्रतीक्षा खोली, जिथे माणसं येऊन जातात तिथे सगळीकडे हेच दुखणं असतं. घरात चौघांच्या कुटुंबात ते सहसा होत नाही, तिथे २४ तासच राहू द्या.

याचं एक भावंड आहे. नेट अपुरं पडतं म्हणून मालक घरचा जुना राउटर आणून वरच्या मजल्यावर लावतात. त्याचं डीएचसीपी चालूच असतं. मग पत्ते वाटणारे दोघे होतात आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं फोन ऐकतो. 'काहींच्याच फोनवर इंटरनेट नाही' हे लक्षण असेल तर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या फोनचा 'गेटवे' (फोन ज्या राउटरमार्फत बाहेर जातो त्याचा पत्ता) शेजारी शेजारी ठेवून बघा. वेगळा दिसला की जुन्या राउटरकडे जा: त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल वॅनच्या (बाहेरचं नेट आत घेणाऱ्या) भोकातून काढून लॅनच्या (आतली उपकरणं जोडायच्या) भोकात घाला. 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो हेच काम एका बटणात करतो; तिथे मात्र केबल कुठल्या भोकात घालायची ते त्या मोडचं पान सांगेल तसं करा.

चॅनल आणि रुंदी

आता कुठे 'ॲडव्हान्स्ड' पानाशी आपला खरा संबंध येतो.

अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही मोफत ॲप टाका. आयफोनवर ॲपलचं एअरपोर्ट युटिलिटी घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्कॅनर चालू करा. मग गर्दीच्या वेळी, तक्रार जिथून येते त्या खुर्चीवर बसून बघा. रात्री बघून उपयोग नाही. चॅनल म्हणजे वायफाय ज्यावर बोलतं ती हवेतली गल्ली. ॲक्सेस पॉइंटचं 'ऑटो' चॅनल बऱ्याच स्वस्त उपकरणांत सुरू होतानाच एकदा ठरतं. पहाटे वीज आली, तेव्हा आजूबाजूला शांतता होती, त्याने एक चॅनल निवडलं आणि दिवसभर तिथेच बसला.

२.४ गिगाहर्ट्‌झमध्ये भारतात १ ते १३ चॅनल दिसतात, पण शेजारची चॅनल एकमेकांवर चढलेली असतात. त्यामुळे वापरायची ती तीनच: १, ६ आणि ११. तिन्हींवर गर्दी दिसते म्हणून ३ किंवा ८ घ्यायचा मोह होतो. तो आवरा. एकाच चॅनलवरचे दोघं एकमेकांचं बोलणं ऐकतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. अर्धवट चढलेल्या चॅनलवरच्याचं बोलणं मात्र नुसता गोंगाट ठरतं, आणि गोंगाटात दोघांचेही संदेश फुकट जातात. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवा. ४० केली की दोन-तृतीयांश पट्टा तुम्हीच व्यापता आणि शेजाऱ्यांचा सगळा गोंगाट ओढवून घेता.

पाच गिगाहर्ट्‌झ मोकळा असतो, पण रुंदी ८० ठेवली तर ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ असे दोनच निवांत गट मिळतात. तीन-चार ॲक्सेस पॉइंट असतील तर रुंदी ४० करा म्हणजे गट चार होतात. वेगाच्या चाचणीत आकडा कमी दिसेल आणि कुणीतरी कुरकुर करेल. करू द्या, ४५ जण एकदम बसल्यावर तेच कौतुक करतील.

पाच गिगाहर्ट्‌झचं नाव मधूनच गायब होत असेल तर चॅनल ५२ ते १४४ च्या दरम्यान आहे का बघा. हा पट्टा रडारही वापरतात. ॲक्सेस पॉइंटला रडारची चाहूल लागली तर त्याला ते चॅनल लगेच सोडावं लागतं, अर्धा तास तिथे परतता येत नाही, आणि या पट्ट्यातलंच दुसरं चॅनल धरण्यापूर्वी साधारण मिनिटभर गप्प राहून ऐकावं लागतं. मुंबईत अंधेरीजवळ वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड रडार आहे. विमानतळ आणि लष्करी ठाण्यांच्या आसपासही हे अनुभवायला मिळतं. उपकरणाच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदीत, 'रडार' किंवा 'डीएफएस' (रडार टाळायची सोय) शब्द शोधा. सापडला तर ३६ किंवा १४९ वर पक्कं करून टाका. आणि नावापुढे 'फाइव्ह जी' लिहिलेलं असलं तरी त्याचा मोबाइलच्या फाइव्ह जीशी काडीचा संबंध नाही, हे मला आठवड्यातून एकदा तरी सांगावं लागतं.

ताकद कमी करा

'ट्रान्समिट पॉवर' हे सगळ्यांचं लाडकं सेटिंग. ते 'हाय'वर असतंच, आणि माझं पहिलं काम ते 'मीडियम'वर आणणं. गुरुजींच्या हातात माइक आहे आणि मागच्या बाकावरचं पोर कुजबुजतंय, अशी ही स्थिती. गुरुजींचा आवाज पोराला खणखणीत ऐकू येतो, पोराचा गुरुजींपर्यंत पोचत नाही. फोनचा प्रक्षेपक ॲक्सेस पॉइंटपेक्षा अशक्त असतो, त्यामुळे काड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही. शिवाय बाहेरच्या खोलीतला ॲक्सेस पॉइंट आतपर्यंत ओरडत असला की फोन त्यालाच चिकटून राहतो. कुठल्या ॲक्सेस पॉइंटला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो. आपण फक्त त्याचा निर्णय सोपा करू शकतो.

त्यासाठी दोन्ही ॲक्सेस पॉइंटवर नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षरशः एकच हवा. २.४ गिगाहर्ट्‌झची ताकद पाच गिगाहर्ट्‌झच्या ताकदीपेक्षा कमी ठेवा. बसण्याच्या प्रत्येक जागी उणे ६५ डीबीएमच्या आसपास सिग्नल मिळाला की पुरे (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). 'किमान आरएसएसआय' (सिग्नल याखाली गेला की उपकरणाला तोडायची मर्यादा) असेल तर उणे ७८ पासून सुरुवात करा आणि लगेच उणे ६५ वर उडी मारू नका, नाहीतर कोपऱ्यातल्या मुलाला उपकरण सारखं हाकलत राहील. एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जायला फोनला मदत करणाऱ्या सोयींपैकी ८०२.११ के आणि व्ही चालू ठेवायला हरकत नाही. त्यातलीच तिसरी, आर, चालू केल्यावर एखादा जुना लॅपटॉप किंवा प्रिंटर जोडलाच गेला नाही, तर आर बंद करा.

१, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने वेग बंद करायची सोय असेल तर जरूर करा. ॲक्सेस पॉइंट 'मी इथे आहे' ही हाळी सेकंदाला साधारण दहा वेळा देतो, आणि ती सगळ्यात कमी वेगात द्यावी लागते. कमी वेग काढून टाकला की तीच हाळी चटकन उरकते आणि हवा मोकळी राहते.

बाकीच्या आकड्यांना हात लावू नका. बीकन इंटरव्हल १००, आरटीएस २३४७, फ्रॅगमेंटेशन २३४६ हे जसे आहेत तसे बरे. डब्ल्यूएमएम (कुठल्या संदेशाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सोय) बंद केलंत किंवा सुरक्षेत टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलंत तर नवा फोनही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. कुणीतरी इंटरनेटवर वाचून हे करून ठेवलेलं मी पाहिलंय. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा. 'आयसोलेशन' चालू केलं तर मुलांचे लॅपटॉप एकमेकांपासून सुरक्षित राहतात, पण त्याच वायफायवरचा प्रिंटर कुणाला सापडत नाही. फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं असेल तर चढवा, पण केबलने, सुट्टीच्या दिवशी आणि वीज जाणार नाही अशा वेळी. 'देश' मात्र भारतच राहू द्या. जास्त ताकदीसाठी दुसरा देश निवडणं नियमाला धरून नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- नेटच्या डब्यावर 'लॉस'चा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा असेल तर. फायबरचं टोक काढून त्यात डोकावू नका, त्यात डोळ्याला अपाय करणारा लेझर असतो. घरी पुसून, वाकवून ते नीट होत नाही. नेट पुरवणाऱ्याचाच माणूस लागतो.
- फॅक्टरी रीसेट करायची वेळ आली आणि जोडणीचं यूजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा क्रमांक हाताशी नसेल तर. आधी ते मिळवा, मगच ती टाचणी टोचा.
- जळका वास येतोय, अडॅप्टर हात लावता येणार नाही इतका तापतोय किंवा गच्चीवरून आलेल्या केबलवर वीज पडल्यानंतर बिघाड झालाय. प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.
- राउटरमधला डीएनएसचा पत्ता कुणी तरी बदललेला दिसतोय आणि भलतीच पानं उघडतायत.
- तीनपेक्षा जास्त ॲक्सेस पॉइंट हवेत किंवा दोन मजले जोडायचेत. इथे अंदाजाने खरेदी करण्यापेक्षा जागेवर सिग्नल मोजून देणाऱ्याला बोलावलं तर पैसे वाचतात.
- पिंगच्या तपासणीपासून चॅनलपर्यंत सगळं केलं, प्रत्येक बदलानंतर एक दिवस थांबलात, आणि राउटरपर्यंतची उत्तरं अजूनही गळतायत.

येणाऱ्या माणसाला 'नेट चालत नाही' असं सांगू नका. वही त्याच्या हातात द्या. 'दुपारी दोननंतर, आतली खोली, पत्ता १६९.२५४, बाहेरच्या खोलीत ठीक' एवढी एक ओळ वाचली तरी तो शिडी कुठे लावायची ते विचारत बसणार नाही.